बाजार, संकल्प आणि उद्यापन



श्रींच्या चरणी मस्तक ठेवून आजच्या विषयास आरंभ करतो. विषय जरा निराळा आहे. देवळाच्या पत्रिकेत असल्या गोष्टीचे काय काम, असे कित्येकांच्या मनात येईल. म्हणून तो आमच्याकडे कसा आला हे आधी सांगितले पाहिजे.

गेल्या चातुर्मासात एके सायंकाळी, धुपारती आटोपल्यावर, एक वयोवृद्ध सभासद सभामंडपात आमच्या तीर्थरूपांजवळ येऊन बसले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने मितभाषी गृहस्थ. इकडचे तिकडचे दोन शब्द झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "गुरुजी, शेअर विकावयास या आठवड्यात चांगला दिवस कोणता?"

तीर्थरूपांनी पंचांग उघडले नाही. ते म्हणाले, "घ्यावयाच्या वेळी विचारले होतेत का?"

ते गृहस्थ हसले. परंतु त्या हसण्यात सुख नव्हते. मागून कळले ते असे, की ती रक्कम नातीच्या शिक्षणासाठी होती, आणि चार-सहा दिवस भाव उतरत गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. सकाळी पूजेस बसले तरी एक डोळा देवाकडे आणि दुसरा मोबाइलकडे. हे एकट्या त्यांचेच आहे असे नाही. कीर्तन ऐन रंगात आलेले असताना मांडीवरचा तो छोटा पडदा उजळून पाहणारी पाच-सात मंडळी आम्ही ओळीने दाखवू शकू. त्यांत तरुण आहेत तसे आजोबाही आहेत. माणसाचे चित्त बाजाराने नेले, तर देवळात नुसता देह येऊन बसतो. तेव्हा हा प्रश्न देवळाचा नाही, असे आम्हांस म्हणवत नाही.

मुहूर्ताची गोष्ट निघाली म्हणून सांगून ठेवतो. मुंबईच्या शेअरबाजारात दिवाळीत मुहूर्ताचे सौदे करण्याची चाल १९५७ पासून आहे. घटकाभराचा तो व्यवहार. लोक हौसेने चार शेअर घेतात आणि पेढे वाटतात. २०२५ साली तो दुपारी पावणेदोन ते पावणेतीन या वेळात झाला. यात वावगे काही नाही. परंतु मुहूर्त पाहावयाचा तो कार्यारंभासाठी. हातून होऊन गेलेल्या कार्याची धास्ती वाटू लागली म्हणजे तीवर मुहूर्त हे औषध नव्हे, आणि तसे औषध आमच्या तीर्थरूपांच्या पंचांगात कोठेही छापलेले नाही.

उद्या बाजार काय करील हे कोणास ठाऊक असते? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतील एक आठवडा आठवून पाहावा. मतदानोत्तर अंदाज बाहेर पडल्यावर ३ जून रोजी मुंबईचा सेन्सेक्स २,५०७ अंकांनी उसळला आणि ७६,४६९ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मतमोजणी झाली आणि तोच निर्देशांक ४,३९० अंकांनी कोसळून ७२,०७९ वर आला. शुक्रवारी, ७ जूनला, तो ७६,६९३ होता, म्हणजे सोमवारच्याही वर. सोमवारी ज्याने आनंदाने घेतले आणि मंगळवारी भीतीने विकले, त्याने चोवीस तासांत दोन वेळा लोकांचे ऐकले आणि दोन्ही वेळा गाठीचे गमावले. ज्याने त्या आठवड्यात वर्तमानपत्रही उघडले नाही, त्याचे काही बिघडले नाही. मोठमोठे अर्थपंडित त्या सोमवारी दूरचित्रवाणीवर बोलत होते. मंगळवारी तेच निराळे बोलत होते. त्यांस दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. न दिसणारी गोष्ट त्यांना दिसली नाही, इतकेच.

आणि हे वेड आजचे आहे असेही कोणी समजू नये. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. कारकुनापासून व्यापाऱ्यापर्यंत जो तो शेअरच्या कागदामागे धावू लागला. १८६५ च्या वसंतात ते युद्ध संपले, कापसाचा भाव बसला, आणि १ जुलै १८६५ हा हिशेब चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणेकऱ्यांजवळ देण्यास काही उरले नव्हते. बॅकबेचा तो शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेच्या २,८५० पर्यंत गेलेल्या शेअरला ८७ रुपये येऊ लागले, आणि १८६८ साली ती बँकच मिटली. मुंबईचा राजाबाई टॉवर पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांच्या देणगीतून तो उभा राहिला आणि ज्यांच्या मातोश्रींचे नाव त्यास दिले आहे, त्या प्रेमचंद रायचंदांसारख्या कसलेल्या पुरुषासही त्या लाटेने खाली ओढले. एवढ्या मोठ्या माणसास जे उमगले नाही, ते आम्हांस मोबाइलवर उमगेल, ही समजूत धाडसाचीच म्हणावयाची.

आता आमचा स्वतःचा दोष सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

२०२० च्या जानेवारीत तीर्थरूपांची ६०,००० रुपयांची मुदतठेव पुरी झाली. घराच्या मागच्या पडवीचे छप्पर गळत होते; पावसाळ्यापूर्वी ते नवे घालावयाचे म्हणून ही रक्कम राखलेली होती. आमचे वय त्या वेळी विशीच्या आसपास. दोन पुस्तके वाचून आम्हांस अर्थशास्त्र कळले होते. आम्ही म्हणालो, पाच महिने पैसे नुसते कशाला ठेवावयाचे? म्युच्युअल फंडात ठेवू, छपराबरोबर फरशीही होईल. तीर्थरूप नको म्हणत होते. परंतु मुलगा शिकला आहे, त्यास कळत असेल, अशा विश्वासाने त्यांनी सही केली.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. २३ मार्च २०२० या एकाच दिवशी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडून २५,९८१ वर आला. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. देवळाचे दार बंद, यजमानांची दारे बंद. लग्ने नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांती नाही. भिक्षुकाच्या घरी दक्षिणा येते ती लोकांच्या उंबरठ्यावरून. तो उंबरठाच ओलांडण्याची बंदी झाली. मे महिन्यात घरखर्चास पैसे नव्हते म्हणून ती रक्कम काढावी लागली. हाती ४५,००० च्या आसपास आले. त्यातले निम्मे किराण्यात गेले. त्या पावसाळ्यात पडवीत आम्ही पातेली मांडली. तीर्थरूप आम्हांस एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच अधिक बोचले.

पुढच्या जानेवारीत, २०२१ साली, सेन्सेक्स प्रथमच ५०,००० वर पोहोचला. लोक म्हणू लागले, पाहा, ज्यांनी धीर धरला ते तरले. हे ऐकून आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते, की आम्ही धीराला कमी पडलो. आता तसे वाटत नाही. पाऊस सेन्सेक्ससाठी थांबत नाही, आणि वाणीही थांबत नाही. मे महिन्यात आम्ही पैसे काढले ती चूक नव्हती. जानेवारीत घातले ती चूक होती. जे द्रव्य पाच महिन्यांत लागावयाचे होते, त्याच्यावर आम्ही पाच वर्षांच्या धैर्याचे ओझे घातले.

हे आम्हांस कोठे उमगले म्हणाल, तर पूजेच्या पाटावर. कोणतेही धर्मकृत्य आरंभताना यजमान हातात पाणी, अक्षता घेऊन संकल्प करतो. त्यात देश सांगावा लागतो, काल सांगावा लागतो: अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग स्वतःचे गोत्र आणि नाव. मग हे कर्म कोणत्या हेतूने करतो आहे, तो हेतू. इतके उच्चारल्यावाचून पाणी सोडता येत नाही. लहानपणी आम्हांस हा भाग कंटाळवाणा वाटे. प्रसादाकडे लक्ष असे. आता वाटते, की शास्त्रकारांनी कर्मापूर्वी माणसास पाच मिनिटे थांबविले ते उगीच नव्हे. तू कोठे आहेस, कोणत्या काळात आहेस, तू कोण आणि तुला काय हवे, हे आधी स्वतःच्या तोंडाने बोल, मग द्रव्य खर्च कर.

आणखी एक पाहा. गोदातीरीचा पुरोहित संकल्पात गोदावरीचे नाव घेतो. आपण बडोद्यास राहतो. येथे नर्मदेचे नाव घ्यावे लागते. नाशिकच्या काकांचा संकल्प जसाच्या तसा म्हणून भागत नाही. मग दांडिया बाजारातल्या शेजाऱ्याने अमुक शेअर घेतला म्हणून आपणही घेतला, हे कोणत्या शास्त्रात बसते? त्याचे वय चाळीस, दोन पगार घरात येणारे. आपण सत्तरीचे, निवृत्तिवेतनावर चालणारे. त्याचे गोत्र निराळे, काळ निराळा, कामना निराळी. शेजाऱ्याच्या संकल्पाचे पाणी आपल्या हातावरून सोडले, तर फळाचा जाब कोणास विचारावयाचा?

संकल्पास जोडूनच दुसरी गोष्ट येते, ती उद्यापनाची. सोळा सोमवार धरले तर सतराव्या सोमवारी उद्यापन. व्रत घेतानाच ते कधी आणि कसे सोडावयाचे हे ठरलेले असते. मध्येच एका सोमवारी पाऊस पडला, पाहुणे आले, म्हणून व्रत सुटत नाही. आणि सतरावा सोमवार आला म्हणजे, अजून मजा येते आहे म्हणून ते लांबविताही येत नाही. गुंतवणुकीत आपण नेमके याच्या उलट करतो. आरंभी शेवट ठरवीत नाही, म्हणून रोज सकाळी शेवट ठरविण्याचा छळ मागे लागतो. भाव उतरला की काढू काय, चढला की आणखी घालू काय. दिवसातून दहा वेळा व्रत घेणे आणि दहा वेळा मोडणे, याने उपवासाचे पुण्य तर नाहीच, फराळाचे सुखही नाही.

व्यवहारात हे कसे आणावयाचे? आम्ही अर्थतज्ज्ञ नव्हे. परंतु छप्पर गळल्यावर जे शिकलो ते सांगतो. घरखर्चाचे सहा-आठ महिन्यांचे पैसे, आणि दोन-तीन वर्षांत निश्चित लागणारा पैसा, मग तो लग्नाचा असो, शस्त्रक्रियेचा असो वा शुल्काचा, बाजारात घालूच नये. तो बँकेत असावा. बँकेतील ठेवीस दर ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखच होते. तेथे व्याज थोडे मिळेल, महागाई त्यातले बरेचसे खाईल, हे खरे. तो त्या निश्चिंतपणाचा मोबदला समजावा.

दहा-पंधरा वर्षे ज्यास हात लावावयाचा नाही, असा पैसा बाजारात शोभतो, आणि तोही एका कंपनीत न ठेवता पुष्कळ कंपन्यांत विभागलेला. बॅकबेचा शेअर धरून कोणी आजन्म धीर धरला असता तरी काय मिळाले असते? चिकाटी कशास धरली आहे हेही पाहिले पाहिजे. त्यातही हप्त्याने घालण्याची जी रीत आहे ती भल्या स्वभावाची वाटते. समजा, दरमहा १,००० रुपये घातले. पहिल्या महिन्यात एका भागाचा दर १०० रुपये. १० भाग मिळाले. दुसऱ्यात दर ८० वर पडला, १२.५ मिळाले. तिसऱ्यात १२५ झाला, ८ मिळाले. तीन महिन्यांच्या दरांची सरासरी १०१ रुपये ६७ पैसे. परंतु आपणास ३०.५ भाग पडले ते सरासरी ९८ रुपये ३६ पैशांस. पडत्या महिन्याने आपले काम केले, आपण नुसता नेम पाळला. यात नफ्याची हमी नाही. दर पडतच गेला तर या रीतीनेही तोटा होतो. लाभ आहे तो हा, की 'आज घालू की उद्या' या विचारात मन झिजत नाही.

येथे एक शंका कोणीही घेईल, आणि ती घ्यावीच. दीर्घकाळ थांबले म्हणजे सर्व ठीक होते, असे म्हणावयाचे आहे काय? नाही. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० होता. शंभराचे एकोणचाळीस झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा २१,००० पर्यंत आला, पुन्हा खाली गेला, आणि त्यापलीकडे पाऊल टिकावयास २०१३ साल सरावे लागले. ही आपली गोष्ट. जपानची याहून कडक आहे. तेथील निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. तो आकडा पुन्हा ओलांडला गेला २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. मध्ये चौतीस वर्षे गेली. तेव्हाचा चाळिशीतला माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. म्हणून सर्व पुंजी एके ठिकाणी लावून 'देव पाहून घेईल' म्हणणारास आम्ही श्रद्धाळू म्हणणार नाही. देवाने त्यास हिशेब करण्याची बुद्धी दिली होती. ती त्याने वापरली नाही.

स्थितप्रज्ञाचे वर्णन कीर्तनात आपण वारंवार ऐकतो. अर्जुनाने तो प्रश्न एखाद्या शांत आश्रमात विचारलेला नाही. दोन्ही सैन्ये समोर उभी असताना विचारला आहे. तेव्हा स्थिर बुद्धी म्हणजे बाजाराकडे पाठ फिरविणे नव्हे आणि डोळे मिटून बसणेही नव्हे.

तुकाराम महाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात आम्हांस फार मोलाचा वाटतो. देहूस त्यांच्या घरी वाण्याचा व्यापार आणि महाजनकी होती. १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ आला. व्यापार बुडाला, घरची माणसे अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडविली, हे आपण सर्व जाणतो. परंपरा आणखी एक बारीक गोष्ट सांगते, तिकडे सहसा लक्ष जात नाही. त्यांनी सर्व खते बुडविली नाहीत. बंधू कान्होबांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी वेगळी काढून त्यांस दिली, आणि स्वतःच्या वाट्याचीच पाण्यात सोडली. एवढ्या वैराग्याच्या क्षणीही आपला वाटा कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, याचा विसर त्यांना पडला नाही. आम्ही २०२० मध्ये जे गमावले ते आमच्या वाट्याचे नव्हतेच, तीर्थरूपांचे होते.

हे विशेषेकरून तरुण मंडळींसाठी सांगतो, कारण हल्ली फ्युचर्स आणि ऑप्शन्स यांचे वेड आपल्या घरांतही शिरले आहे. त्यास गुंतवणूक म्हणणे म्हणजे तीनपत्तीला पारायण म्हणणे होय. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपली पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णवांचा तोटा झाला, आणि त्या तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. आमच्या बरोबरीचा कोणी आईच्या बांगड्या तारण ठेवून या फंदात पडला असेल, तर त्याने हा अंक घरी मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे सांगण्यास तोंड फुटेल. रागावतील, रागावू द्यावे. कळण्यापूर्वी बांगड्या जाण्यापेक्षा ते बरे.

आता त्या वृद्ध सभासदांकडे वळतो. चार दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा तीर्थरूपांनी आम्हांस बोलावून घेतले आणि त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवावयास सांगितले. नात बारावीस होती. पहिल्या वर्षाचे शुल्क कधी, दुसऱ्याचे कधी, वसतिगृहाचे किती, हे त्यांनी एकेक करून लिहिले. लिहिता लिहिता त्यांच्याच ध्यानात आले, की पहिल्या दोन वर्षांचा पैसा आता बाजारात राहणे योग्य नाही. भाव पडला म्हणून नव्हे. भाव चढलेला असता तरी तो काढावयासच हवा होता, कारण त्याचे उद्यापन जवळ आले होते. दोन वर्षांपूर्वीच तो बँकेत यावयास पाहिजे होता. उशीर झाला, त्याचा तोटा सोसावयाचा. पुढील वर्षांची रक्कम मात्र जेथे होती तेथे ठेवावयाची, आणि दर वर्षी जूनमध्ये पुढच्या दोन वर्षांपुरती बँकेत आणावयाची; त्या जूनमध्ये बाजार कसाही असो.

"म्हणजे थोडे विकावयाचेच आहे," ते म्हणाले. "मग दिवस कोणता?"

"उद्या सकाळी," तीर्थरूप म्हणाले, "स्नान करून."

त्यांनी कागदावर तारीख घातली, घडी केली आणि खिशात ठेवला. तोटा झाला तो झालाच. तो आकडा त्यांनी आम्हांस सांगितला, परंतु येथे छापण्याचे कारण नाही. पुढच्या एकादशीस ते कीर्तनास आले. बाजार काय म्हणतो हे आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. मोबाइल त्यांनी बहुधा घरीच ठेवला होता, कारण आरती संपल्यावर किती वाजले म्हणून त्यांनी आम्हांसच विचारले.